गणपतीला मोटारसायकलने गावी जाताना: महामार्ग, घाट आणि फाट्यानंतरचा रस्ता

कोकण रेल्वेचे गणपतीचे आरक्षण खुले झाल्यावर काही मिनिटांत संपते, एसटीच्या जादा गाड्या वाडीवाडीचे गट आधीच धरून ठेवतात, आणि मग मुंबई-ठाण्याकडचा किंवा पुण्याचा एखादा चाकरमानी चतुर्थीच्या दोन दिवस आधी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बॅग आवळतो. मी संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या गावी अनेक वर्षे असाच जात-येत आहे. या काळात आमच्या पंचक्रोशीतले दुचाकीचे जे अपघात मला ठाऊक झाले, त्यांतले बहुतेक कशेडी किंवा परशुराम घाटात झालेले नाहीत, तर महामार्ग सोडून फाट्यावर वळल्यानंतरच्या दहा-पंधरा किलोमीटरांत झालेले आहेत. घाटात माणूस सावध असतो. फाट्यावर वळला की घर जवळ आले म्हणून तो सैलावतो आणि हेल्मेट डोक्यावरून आरशावर जाते. म्हणून या लेखात महामार्गाबद्दल थोडक्यात लिहिले आहे आणि पुढच्या रस्त्याबद्दल सविस्तर.

पहिली पायरी: दुचाकी न्यायचीच का, हे ठरवणे

मुंबईहून चिपळूण साधारण अडीचशे किलोमीटर आणि कणकवली साडेचारशेच्या आसपास आहे. भाद्रपदात पाऊस ओसरलेला नसतो, रस्ता गर्दीचा असतो, आणि अशा स्थितीत दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरांपेक्षा जास्त चालवणे सरावाच्या माणसालाही जड जाते. ज्यांचे गाव लांजा-राजापूरच्या पलीकडे आहे, त्यांनी वाटेत एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम धरूनच निघावे. गावी फिरायला गाडी हवी, एवढेच कारण असेल तर ती रेल्वेच्या पार्सलने पाठवता येते. त्यासाठी टाकीतले पेट्रोल काढून टाकावे लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात, आणि सणाची गर्दी पाहता ही व्यवस्था बरीच आधी करावी लागते.

बरोबर कोण येणार, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार चालकामागे एकच माणूस बसू शकतो, तेव्हा नवरा, बायको आणि मधे पोर ही आपल्याकडची नित्याची बैठक मुळातच नियमाबाहेरची आहे. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि हेल्मेट आवश्यक आहे, आणि अशा वेळी गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. माझे मत विचाराल तर लहान मुलाला या प्रवासाला दुचाकीवर नेऊच नये. बायको-मुलांना एसटीत बसवून द्यावे आणि आपण मागाहून गाडी घेऊन निघावे. त्यावरून घरात कुरबुर झाली तरी चालेल.

दुसरी पायरी: गाडी दोन आठवडे आधी दाखवणे

निघायच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये रांग लागलेली असते आणि मेकॅनिक ऑइल बदलून गाडी बाहेर ढकलतो. शिवाय नवे ब्रेकशू आणि नवे टायर बसायला शे-दोनशे किलोमीटर लागतात. म्हणून हे काम पंधरा दिवस आधी उरकावे. टायरच्या नक्षीच्या खोबणीत झिजेची खूण म्हणून छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली असेल तर टायर बदलावा, कारण ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम ही नक्षीच करते. हवेचा दाब एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगळा असतो आणि तो चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. पंपावरच्या पोऱ्याने ‘किती भरू?’ असे विचारल्यावर अंदाजाने आकडा सांगण्याची सवय सोडावी.

पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, चेनचा ताण, मागचा दिवा आणि ब्रेक दाबल्यावर लागणारा दिवा, एवढे स्वतः डोळ्यांनी पाहावे. ब्रेकचा दिवा बंद असल्याचे आपल्याला कधीच कळत नाही, कारण तो दिसतो फक्त मागच्याला. शेवटी सामान बांधून, मागे माणूस बसवून पन्नासेक किलोमीटरची एक फेरी मारावी. जी बॅग सुटायची आहे ती गावाच्या वाटेवर सुटण्यापेक्षा अशा फेरीत सुटलेली बरी.

तिसरी पायरी: सामान आणि अंगावरचे कपडे

वजन जितके खाली आणि जितके सीटच्या जवळ, तितकी गाडी ताब्यात राहते. मखराचे साहित्य, थर्माकोल, झिरमिळ्या असल्या हलक्या पण मोठ्या वस्तू उंच बांधल्या की त्या पुलावरच्या आडव्या वाऱ्यात शिडासारख्या भरतात. त्या पार्सलने पाठवाव्यात. इलॅस्टिकच्या दोऱ्यांचे आकडे निसटून चाकात जातात, म्हणून चपटा पट्टा वापरावा आणि त्याचे लोंबते टोक खोचून ठेवावे. पाठीवर सॅक घेऊन तीनशे किलोमीटर जाऊ नये, कारण खांदे अवघडले की हात जड होतात आणि ब्रेक उशिरा लागतो.

झग्यासारखा रेनकोट टाळून शर्ट-पँटचा रेनकोट घ्यावा, तोही पिवळा किंवा केशरी. झग्याचा घोळ मागच्या दिव्यावर येतो आणि संध्याकाळच्या पावसात तुम्ही मागून येणाऱ्याला दिसेनासे होता. मागे साडी नेसून कुणी बसणार असेल तर चाकावरचे साडीगार्ड आणि पाय टेकायचे दोन्ही आधार शाबूत असल्याची खात्री करावी. पदर आणि ओढणी रेनकोटच्या आत घ्यायला लावावी आणि निघताना एकदा मागे वळून स्वतः पाहावे.

हेल्मेट आयएसआय खुणेचेच हवे. १ जून २०२१ पासून त्या खुणेशिवाय हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपीच्या वजनाची हेल्मेटे मिळत राहतात. मागे बसणाऱ्यालाही तेवढेच चांगले हेल्मेट द्यावे. काच आतून धुरकटते, त्यावर घरगुती उपाय असा की भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आतल्या बाजूला चोळून कोरड्या सुती कपड्याने पुसून घ्यावा. गडद काच या प्रवासाला कुचकामी आहे.

चौथी पायरी: वेळ आणि वाट

दुचाकीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू बंद आहेत. त्यामुळे मुंबईकराला सायन-पनवेल मार्गाने पळस्प्यापर्यंत येऊनच गोव्याचा महामार्ग धरावा लागतो. पहाटे चार-साडेचारला निघावे, म्हणजे पनवेल-वडखळची कोंडी मागे पडते आणि उजाडता उजाडता आपण नागोठणे-कोलाडच्या आसपास असतो. रात्री दहाला निघून सकाळी घरी पोचण्याचा बेत अनेकांना मोहात पाडतो, कारण एक दिवस वाचतो. पण पहाटे तीन ते सहा ही वेळ झोप अनावर होण्याची असते, आणि समोरून येणारा गाडीवालाही तितकाच पेंगुळलेला असतो.

पुण्याहून निघणाऱ्यांना ताम्हिणीने माणगावला, किंवा सातारा-कराडवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरता येते. दक्षिणेकडची गावे कोल्हापूरवरून आंबा, अणुस्कुरा, गगनबावडा किंवा फोंडा घाटाने गाठता येतात. पावसाळ्यात यांतला एखादा घाट दरडीमुळे किंवा दुरुस्तीमुळे बंद असतो, तेव्हा आदल्या रात्री त्या त्या तालुक्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारावे. मोबाइलच्या नकाशावर उघडा दिसणारा रस्ता पडलेल्या दरडीखाली असू शकतो.

महामार्गावर

चौपदरी काँक्रीट झालेल्या भागात रस्ता गुळगुळीत असतो, आणि दगा देणाऱ्या जागा असतात त्या त्याच्या सांध्यांवर. जुन्या डांबरावरून नव्या काँक्रीटवर चढताना, कामामुळे वाहतूक वळवलेल्या तात्पुरत्या रस्त्यावर, पुलाच्या लोखंडी जोडपट्टीवर आणि खड्डे बुजवायला बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर चाक सरकते. दोन पट्ट्यांमध्ये उंचीचा फरक असेल तर तो तिरका न ओलांडता वेग कमी करून शक्य तितका काटकोनात ओलांडावा.

ताशी ६० किलोमीटरला एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापले जाते, म्हणजे एसटी बसच्या लांबीच्या दीडपट. ब्रेकवर हात जायलाच सुमारे एक सेकंद जातो. शिवाय वेग ४० वरून ६० झाला तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला सव्वादोन पट जागा लागते, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. पुढच्या गाडीपासूनचे अंतर मोजायला मी एक सोपी युक्ती वापरतो. पुढची गाडी एखाद्या खांबाशी आली की शांतपणे ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणावे, ते साधारण दोन सेकंदांचे भरते. ते म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात ते दोनदा म्हणावे.

दर तासा-दीड तासाला चहासाठी थांबावे आणि थांबल्यावर हेडलाइट, मागचा दिवा आणि नंबरप्लेट ओल्या फडक्याने पुसावी. सणाच्या दिवसांत महामार्गावर ठिकठिकाणी सुविधा केंद्रे आणि पोलीस मदत केंद्रे उभारली जातात, तिथे बसायला जागा आणि प्यायला पाणी मिळते.

घाट

उताराला ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे गाडीला इंजिनच धरून ठेवते. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे लोक ब्रेक तापवून घेतात, आणि तापलेले ड्रमब्रेक नेमके शेवटच्या वळणावर लागत नाहीत. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही मिळून लावावेत. गाडी कललेली असताना ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर पडणे जवळपास ठरलेले असते.

अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. एसटी किंवा ट्रक आडव्या वळणावर पूर्ण रस्ता घेतो, त्याच्या आतल्या बाजूला शिरू नये, कारण मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेच्या आतून येते. मागे थांबावे. अर्धा मिनिट जातो, एवढेच.

पुलावरून पाणी वाहत असेल तर कितीही थोडे दिसले तरी गाडी घालू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस नदीत गेल्या, तेव्हा अंधारात येणाऱ्या चालकांना पुढे पूल उरलेला नाही हे दिसलेच नव्हते. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे, हे गृहीत धरायला आपल्याकडे काहीच आधार नसतो.

फाट्यानंतर

फाट्यावर किंवा तिठ्यावर वळल्यावर पाच मिनिटे थांबावे. हातपाय मोकळे करावेत, हेल्मेटची काच पुसावी, आणि या क्षणापासून आपण वेगळ्याच रस्त्यावर आलो आहोत असे समजून पुढे निघावे. ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी बहुधा ३ ते ३.७५ मीटर असते आणि एसटी सुमारे अडीच मीटर रुंद असते. म्हणजे समोरून बस आली तर तुमच्या वाट्याला चांगल्या रस्त्यावर एक-सव्वा मीटर आणि अरुंद रस्त्यावर जेमतेम अर्धा मीटर येतो, आणि मोटारसायकलचे हँडलच पाऊण मीटरच्या आसपास असते. साईडपट्टीवर उतरू, असे वाटते, पण पावसाने भिजलेली तांबडी माती चाक गिळते आणि गवताखाली गटार कुठे सुरू होते ते दिसत नाही. म्हणून बस लांबून दिसताच रुंद जागा पाहून थांबावे, पाय टेकण्याआधी बुटाच्या टाचेने जमीन चाचपावी आणि मग बसला जाऊ द्यावे. ओळखीच्या रस्त्यावर बसची वेळ ठाऊक असली, तर फाट्यावरच दहा मिनिटे चहा घ्यावा.

वाडीतल्या काँक्रीटच्या रस्त्यावर आंबा-फणसाच्या सावलीत शेवाळ धरते. ते सगळीकडे सारखे नसते: रिक्षा-टेम्पोच्या चाकांनी घासलेल्या दोन चाकोऱ्या फिकट राहतात आणि मधला पट्टा हिरवट-काळा होतो. दुचाकीवाला सवयीने मधून चालतो आणि तिथेच घसरतो. एरवी चाकोरी सोडून जगण्याचे कौतुक होते, पण या रस्त्यावर ती सोडू नये.

हे मी पडून शिकलो आहे. एका वर्षी गौरी आणायच्या दिवशी तेरडा घरात आला होता, कापूर संपला होता, आणि मी हेल्मेट खुंटीवर ठेवून तिठ्यावरच्या दुकानात निघालो. साकवाच्या आधी एक डावे वळण आहे. तिथे बकरी आडवी आली, मी पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी माझ्या खालून अशी निघून गेली की जणू कुणी सतरंजी ओढावी. वेग वीस-पंचवीसचाच होता. भुवई चिऱ्याच्या गडग्यावर आपटली आणि तीन टाके पडले. टाके घालायला बावीस किलोमीटर जावे लागले, तेही शेजाऱ्याच्या रिक्षातून. तेव्हापासून दुकानापर्यंतही हेल्मेट असते. त्यावर वाडीत जी चेष्टा व्हायची ती दोन वर्षांत थांबली.

अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गुरे बसतात, कारण भोवतालचे गवत ओले असते आणि डांबर त्यातल्या त्यात कोरडे. बैलाचे किंवा कुत्र्याचे डोळे दिव्यात चमकतात, पण पाठ करून बसलेली म्हैस उजेड परत टाकत नाही. ती दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. म्हणून वेग आपल्या दिव्याच्या झोताच्या आत थांबता येईल इतकाच ठेवावा, म्हणजे तीस-पस्तीस. समोरच्या गाडीच्या पांढऱ्या दिव्यांनी डोळे दिपले तर नजर डावीकडच्या कडेवर न्यावी आणि वेग कमी करावा. डिपर मारत बसण्याने फारसे साधत नाही.

सणाच्या दिवसांतल्या गावातल्या फेऱ्या

गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याच्या कारखान्यातून, मूर्ती मोटारसायकलवर आणण्याची प्रथा वाढली आहे. मागे बसलेल्याचे दोन्ही हात मूर्तीत गुंतलेले, कापड वाऱ्याने उडणारे, आणि चालक खड्डा चुकवताना मूर्ती सांभाळायची की गाडी या पेचात. मूर्ती डोक्यावरून, रिक्षातून किंवा टेम्पोतून आणावी.

दीड दिवसाच्या, गौरी-गणपतीच्या आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला संध्याकाळी पाणवठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसे एकामागे एक चाललेली असतात, पोरे फटाके घेऊन मधेच धावतात. अशा मिरवणुकीला ओलांडू नये. इंजिन बंद करून गाडी हाताने धरून मागून चालावे. भजन किंवा जाखडी रात्री दोन-तीनपर्यंत चालते, आणि तिथून परत येणाऱ्याला झोपही असते आणि काहींना त्याहून अधिक काही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो. अशा रात्री किल्ली घरातल्या बाईमाणसाकडे देऊन चालत जाणे उत्तम.

मुंबईची गाडी अंगणात उभी दिसली की चुलतभाऊ-भाचे ‘एक फेरी मारून येतो’ म्हणतात. किल्ली खुंटीला टांगून ठेवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९अ नुसार पालक आणि वाहनमालक जबाबदार धरले जातात, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मामाने नाही म्हटल्याचा रुसवा मोदक खाईपर्यंत टिकतो.

अपघात झालाच तर

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सर्व मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. खोऱ्यांत रेंज जाते, म्हणून वाटेतल्या गावाचे नाव आणि किलोमीटरचा दगड लक्षात ठेवण्याची सवय लावावी. रेंज नसेल तर एकाने जखमीजवळ थांबून दुसऱ्याने चढावर जावे. आधी मागून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच थांबवावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. जखमीला उगाच हलवू नये, पाणी पाजू नये, आणि त्याचा श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये, कारण मानेला इजा झालेली असू शकते. मदत केल्याने आपण पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही भीती अजून गावोगावी आहे. मोटार वाहन कायद्यातले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

परतीचा प्रवास

गौरी-गणपतीच्या विसर्जनाची रात्र आणि दुसरा दिवस या काळात सगळा कोकण एकाच वेळी मुंबईकडे वळतो. एक दिवसाची रजा जास्त घेता आली तर तो दिवस गावी काढावा आणि पहाटे निघावे. परतताना सामान वाढलेले असते: नारळ, तांदूळ, पोहे, आईने शेवटच्या क्षणी दिलेला भोपळा. नारळाचे पोते वळणावर आतून सरकते आणि गाडी आपल्याला न विचारता कलते. म्हणून नारळ दोन छोट्या पिशव्यांत विभागून दोन्ही बाजूंना खाली बांधावेत, भोपळा पुढच्या एसटीने येणाऱ्या काकांकडे द्यावा, आणि मागच्या चाकातली हवा डबलसीटच्या आकड्याला आणूनच महामार्ग धरावा. घरी पोचल्यावर दोन दिवसांत गाडी धुऊन घ्यावी, कारण तांबडी माती चेनमध्ये आणि ब्रेकच्या ड्रममध्ये घट्ट बसते. चेन पुसून तिला तेल द्यावे आणि मागचे चाक खोलून ब्रेकशू पाहून घ्यावेत.